गाडीखाली न जाता

आईला पाय धरून गाडीखालून ओढून काढावं लागलं, त्या दिवसापासून सुईच्या जिवाला चैन नव्हतं.

तसं पाहिलं तर काही घडलं नव्हतं. जॅक सरकला नव्हता, गाडी पडली नव्हती, कुणाला खरचटलंही नव्हतं. आई गिअरबॉक्सचं तेल बदलायला गाडीखाली उताणी शिरली होती. गिअरबॉक्सच्या कुशीला, वरच्या अंगाला एक बूच असतं. ते उघडायला तिनं हात वर घातला आणि खांदा तिथेच अडकला. हात खाली येईना, वर जाईना. मोबाइल गाडीच्या सीटवर, शेजाऱ्यांचा टीव्ही जोरात. सुई घरी आली तेव्हा शेडमध्ये तिला गाडीखालून बाहेर आलेल्या दोन चपला दिसल्या आणि अगदी शांत आवाज ऐकू आला, "सुई का? जरा ओढ गं मला. आणि मामाला सांगू नकोस, गावभर करेल."

सुई हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती इतकी बारीक होती आणि प्रत्येक गोष्टीत इतकी घुसायची, की मामानं ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. भौतिकशास्त्राची पदवी मिळाल्यावर तरी सुटेल असं तिला वाटलं होतं. सुटलं नाही.

डॉक्टर म्हणाले, खांदा गोठलाय. व्यायाम करा, वेळ लागेल, आणि या वयात गाडीखाली शिरायची हौस कशाला? आईनं मान डोलावली. आपल्या चष्म्यांच्या दुकानात दुसऱ्याच्या डोळ्यांना भिंगं लावण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे समजूतदार चेहरा करून समोरच्याचं ऐकून घेणं तिला छान जमायचं. घरी आल्यावर मात्र तिनं पर्स टेबलावर टाकली आणि म्हणाली, "कोपऱ्यावरच्या त्या दंतवैद्याला फोन करते. त्याला गाडी हवीच आहे."

"विकणार?" सुईनं विचारलं.

"जिचं तेल मला बदलता येत नाही ती गाडी माझी कसली? नुसती फिरवायची तर टॅक्सी आहेच की."

रद्दी देऊन टाकावी तशा सुरात ती हे म्हणाली, पण ही गाडी रद्दी नव्हती. बाबा गेल्यावर आईनं घरातली मोठी गाडी विकली होती आणि ही दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकवून बसलेली जुनी स्पोर्ट्स कार आणली होती. नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली. मामा तर म्हणाला होता, "अगं, हिच्यात बसायचं म्हणजे आधी अंघोळीच्या टबात बसायची सवय हवी." आईनं कुणाला जुमानलं नाही. फक्त एकदाच तिनं गाडी गॅरेजला दिली होती, आणि तिथल्या माणसानं गिअरबॉक्समध्ये भलतंच तेल भरलं. त्या तेलातल्या गंधकानं आतल्या पितळी कड्या खाल्ल्या आणि दुसरा गिअर थंडीत कुरकुरायला लागला. तेव्हापासून आईनं गॅरेजचं नाव टाकलं. तेल तीच बदलायची.

आणि आता तो गिअर पुन्हा कुरकुरत होता. तेल बदलायलाच हवं होतं.

सुईला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती, थोड्याच दिवसांत तिला निघायचं होतं. रात्रंदिवस डोक्यात एकच भुंगा होता. आईनं गाडी विकली तर दुकान आणि घर, घर आणि दुकान, एवढंच तिच्याकडे उरणार. आणि नाही विकली, तर आज ना उद्या ती खांद्याचं विसरून पुन्हा गाडीखाली शिरणार, आणि त्या दिवशी तिचे पाय ओढायला कुणी नसणार. दुसरी गोष्ट सुईला जास्त खरी वाटत होती. आईला ती ओळखून होती.

"दंतवैद्याला रविवारी बोलाव," ती आईला म्हणाली. "तोपर्यंत मला काहीतरी करून बघू दे."

"काय करणार?"

"गाडीखाली न जाता तेल बदलता येईल असं काहीतरी."

"हो का?" आई म्हणाली. "गाडी बनवणाऱ्यांना सुचलं नाही ते तुला सुचणार."

"त्यांना स्वतःला थोडंच तेल बदलायचं असतं!"

यावर आई पहिल्यांदाच हसली.

त्यानंतर सुईच्या पायाला भिंगरी लागली. मामाचं नळ आणि पाइपांचं दुकान होतं. तिथे जाऊन ती काउंटरच्या आत शिरायची आणि खोके उपसायची. मामा कपाळाला हात लावायचा.

"बाई गं, ते लावायला दोन वर्षं लागलीत मला!"

"मला तेलाला टिकणारी नळी हवी. गरम झाली तरी फुगायला नको."

"आणि काय हवं? बोलता यायला हवं तिला?"

"मामा, हे बघ." तिनं कागदावर रेघा ओढल्या. गिअरबॉक्सला दोन बुचं. खालचं उघडलं की जुनं तेल गळतं, वरचं उघडून नवं भरायचं. दोन्हीसाठी पोटाखाली झोपावं लागतं. म्हणून वरच्या बुचाच्या जागी पोकळ बोल्ट बसवायचा, त्याला नळी, ती नळी इंजिनाच्या मागून वर आणायची आणि बॉनेट उघडलं की हाताशी येईल अशी बांधायची. खालच्या बुचाच्या जागीही पोकळ बोल्ट, त्याची नळी दाराखालच्या कडेपर्यंत, तिच्या टोकाला कॉक. "आईनं स्टुलावर बसून कॉक फिरवायचा, जुनं तेल डब्यात. कॉक बंद. मग उभं राहून वरून नवं ओतायचं. संपलं."

मामानं कागद दूर धरला, जवळ धरला. "खालच्या नळीला दगड लागला तर?"

"खालून पत्र्याची पट्टी."

"कॉक आपोआप फिरला तर?"

"त्याला कुलूपकडी. शिवाय टोपण."

"तुझी आई तुझं ऐकेल असं वाटतं?"

सुई आधीच मागच्या खोक्यात घुसली होती.

बोल्ट कातून आणायचे होते. पहिल्या बोल्टचे आटे जुळले नाहीत. दुसऱ्याचे जुळले, पण त्याचं डोकं गाडीच्या पत्र्याला घासायला लागलं. नळी एका ठिकाणी एक्झॉस्टच्या पाइपाजवळून जात होती, म्हणून सगळी सोडून पुन्हा बांधावी लागली. गाडी लोखंडी स्टँडवर चढवून सुई दिवसाचा बराच वेळ तिच्याखाली असायची. बाहेर येऊन दोन घास खायची आणि घास तोंडात असतानाच उठून पुन्हा जायची. आई दाराशी उभी राहून म्हणायची, "मला गाडीखाली जाऊ द्यायचं नाही म्हणून स्वतः तिथे राहायला गेलीस होय?"

रविवारी सकाळी सगळं बसलं. चारही चाकांखाली सारख्या जाडीच्या फळ्या ठेवून त्यांनी गाडी सपाट उभी केली. आईनं चष्मा कपाळावर सरकवला, स्टूल ओढलं, दाराशी बसली आणि डाव्या हातानं कॉक फिरवला. काळपट तेल डब्यात पडायला लागलं. उन्हात धरलं तर त्यात पितळेची बारीक चमक दिसत होती.

"बिचारी," आई म्हणाली. गाडीला म्हणाली.

थेंब थांबले. कॉक बंद. सुईनं नव्या तेलाच्या बाटल्या गरम पाण्याच्या बादलीत ठेवल्या होत्या, नाहीतर तेवढ्या लांब नळीतून ते दाट तेल उतरायला दुपार झाली असती. आईनं बॉनेट उघडून नळीवर नरसाळं बसवलं. गाडीच्या पुस्तकात किती तेल लागतं तो आकडा दिला होता. आईनं तो दोनदा वाचला, सुईनं तिसऱ्यांदा. प्रयोगशाळेतल्या मापाच्या भांड्यात, डोळा रेषेला लावून, दोघींनी थेंबाथेंबाचा हिशेब करत तेल मोजलं. एकीचं आयुष्य भिंगांच्या नंबरात गेलेलं, दुसरीचं प्रयोगांच्या वहीत. मोजण्यात दोघी कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. मामा नुसता बघत होता. "ऑपरेशन चाललंय की तेल भरताय?" असं एकदा म्हणाला आणि दोघींनी एकदमच "श्शू!" केलं.

नरसाळं रिकामं झालं. आईनं नळीला टोपण लावलं, बॉनेट खाली घेतलं आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली. म्हणजे उजवा जेमतेम पोचला. पण तिचा चेहरा सुईनं कितीतरी दिवसांत असा पाहिला नव्हता.

एवढ्यात दंतवैद्य आला. गोरागोमटा, नीटनेटका माणूस, बोलताना समोरच्याच्या दातांकडे बघायची सवय. गाडीभोवती एक चक्कर मारून तो म्हणाला, "मग ताई, ठरलं ना?"

"बसा," आई म्हणाली. "आधी एक फेरी मारून आणते तुम्हाला. मग बोलू."

दंतवैद्य गुडघे दुमडून आत बसला. गाडी फळ्यांवरून उतरली, फाटकाबाहेर वळली. पहिला गिअर, दुसरा. कुरकुर नाही. लोण्यात सुरी फिरावी तसा गिअर पडला. मामानं टाळी वाजवली. "जिंकलीस गं!"

सुईला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. का, ते तिलाही कळत नव्हतं. तिनं नरसाळं धुतलं, भांडं पुसलं, पुसलेलं भांडं पुन्हा पुसलं. फळ्या उचलून भिंतीला लावल्या. मग काढलेली जुनी बुचं रॉकेलमध्ये टाकून घासायला बसली. वरचं बूच हातात आलं आणि ती थांबली.

लहानपणी आई बाबांच्या मोठ्या गाडीखाली पडून तेल भरायची तेव्हा सुई शेजारी पालथी पडून टॉर्च धरायची. तिला एकच काम असायचं. पिचकारीनं आई तेल आत ढकलायची, आणि त्या वरच्या भोकाच्या खालच्या ओठावरून पहिला थेंब बाहेर ओघळला की सुईनं ओरडायचं, "आलं!" मग आई थांबायची, बूच लावायची. पुस्तकातला आकडा कुणी बघायचंसुद्धा नाही. तेल त्या भोकापर्यंत आलं म्हणजे बरोबर. ते भोक भरण्यासाठी होतं, तसंच मोजण्यासाठीही होतं.

आज "आलं" कुणी म्हटलं नव्हतं. म्हणणार कसं? त्या भोकात तिनंच पोकळ बोल्ट घट्ट बसवला होता.

"मामा," ती म्हणाली, "तेल जास्त झालंय."

"अगं, मोजून ओतलंत ना दोघींनी? माझ्यासमोर!"

"पुस्तकातला आकडा कोरड्या गिअरबॉक्सचा आहे. माझ्या खालच्या बोल्टचं टोक आत वर आलंय, त्याच्याखालचं जुनं तेल गळलंच नाही. ते आतच राहिलं आणि वरून आम्ही पूर्ण माप ओतलं." ती उठून फाटकाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. "आणि ती आता त्याला दाखवायला जोरात चालवत असणार. तापलं की फुगणार. गिअरबॉक्सच्या माथ्यावरच्या, हवा जायच्या भोकातून बाहेर येणार, आणि खाली एक्झॉस्ट आहे."

"पेटेल?" मामानं विचारलं. त्याचा आवाज एकदम बारीक झाला.

"नाही. बहुतेक नाही. धूर होईल." आईला फोन लावला तर तो स्वयंपाकघरात वाजला.

सुई फाटकाबाहेर जाऊन रस्त्यावरच उभी राहिली. दुसऱ्याच दोन गाड्या गेल्या. तिला वाटलं, दोन पायांवर धावत सुटावं, पण कुठल्या दिशेला? शेवटी ती ओळखीची घरघर आली, आणि गाडी दिसण्याआधी वास आला, कुजकट, जळक्या तेलाचा. बॉनेटच्या मागून पांढुरक्या धुराची एक रेघ निघत होती. आईनं गाडी शेडमध्ये आणून बंद केली. दंतवैद्य रुमाल नाकाला लावून उतरला.

"काही विशेष नाही," आई म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता.

"ताई, राग मानू नका," दंतवैद्य म्हणाला, "पण हे घरच्या घरी करायचे उद्योग नव्हेत. माझ्याकडे चांगला माणूस आहे. मला द्या, तुमच्याही डोक्याचा ताप जाईल."

आईनं नुसती मान डोलावली. सुईला तेच सहन होईना. आई स्टुलावर बसून उजवा खांदा डाव्या हातानं दाबत होती. "संध्याकाळी फोन करते तुम्हाला," ती म्हणाली. दंतवैद्य गेला. मामा त्याला सोडायच्या निमित्तानं गेला तो बाहेरच थांबला.

"माझी चूक आहे," सुई म्हणाली.

"आपली," आई म्हणाली. "इतकी वर्षं तेल भरतेय मी. आणि तुझ्या त्या भांड्यातल्या रेघा बघितल्या आणि भुलले." मग म्हणाली, "पण ते भोक उघडं ठेवायचं तर पुन्हा खालीच जावं लागणार. फिरून तिथेच आलो. राहू दे आता, बाळा. दमलीस."

बाळा म्हणाली म्हणजे आईनं हार मानली. सुईनं शेडमध्ये येरझारा सुरू केल्या. आत किती तेल आहे ते बाहेरून कसं बघायचं? गिअरबॉक्स लोखंडाचा, त्यातून दिसत नाही. भोक झाकलेलं. वरची नळी वरच, तिच्यात तेल थांबणार नाही. खालची नळी... ती दाराखालच्या कडेपर्यंत येते. कॉक उघडला की तेल खाली गळतं, कारण नळीचं तोंड खाली आहे.

ती थांबली. "तोंड वर केलं तर?"

"कसलं?"

"आई, शाळेतला प्रयोग! एकमेकांना जोडलेली भांडी. एक जाड, एक बारीक, तरी पाणी दोन्हीकडे सारख्याच उंचीवर."

आईनं चष्मा खाली घेतला. तिला समजायला वेळ लागला नाही. "पारदर्शक नळी हवी," ती म्हणाली. "मामा!"

मामा फाटकाच्या मागेच होता. तो दुकानात जाऊन आला. नळी सुईच्या हातात देताना म्हणाला, "ही बोलत नाही, पण आतलं दाखवते."

सुईनं गाडी पुन्हा फळ्यांवर घेतली आणि ती निवेपर्यंत कशीबशी थांबली. मग खाली शिरून वरच्या भोकाच्या ओठाची उंची जमिनीपासून मोजली आणि तेवढ्याच उंचीवर एका काठीला आडवी खूण केली. काठी दाराला टेकवून उभी केली, पारदर्शक नळी कॉकला जोडून काठीच्या बाजूनं वर नेली, दोरीनं बांधली. वरचं टोक उघडं. आईनं कॉक फिरवला.

तेल चढायला लागलं. पण काय संथ! सुई वाकून बघायची, सरळ व्हायची, नळीला टिचकी मारायची.

"हात नको लावूस," आई म्हणाली. "डोळ्यांत औषध घातल्यावर माणसं अशीच चुळबुळ करतात. बाहुली मोठी व्हायला लागतो तेवढा वेळ लागतोच."

तेल खुणेपर्यंत आलं. खूण ओलांडून वर गेलं. मग थांबलं, खुणेच्या चांगलं दोन बोटं वर. आईनं नळीचं टोक डब्यात खाली सोडलं, थोडं तेल जाऊ दिलं, पुन्हा वर धरलं. असं ती करत राहिली, आणि शेवटी तेलाचा काठ खुणेशी येऊन टेकला. तिथून हलला नाही. सुईनं खाली शिरून वरचा बोल्ट काढून पाहिला. भोकाच्या ओठावर तेल नुसतं ओलसर उभं होतं.

"बरोबर आहे!" बोल्ट पुन्हा बसवत ती खालून ओरडली. "आई, अगदी बरोबर!"

बाहेर येते तो आईनं कॉक उघडून सगळं तेल स्वच्छ भांड्यात सोडायला सुरुवात केली होती.

"अगं, काय करतेस? आत्ताच तर जमलं!"

"तुझ्यासमोर जमलं," आई म्हणाली. "तू खाली शिरून पडताळून पाहिलंस म्हणून जमलं. तू गेल्यावर मी एकटी असणार. आता पहिल्यापासून करते. तू घरात जा."

"मी नुसती उभी राहते."

"तू नुसती उभी राहूच शकत नाहीस. जा. दार लावून घे. आणि माझ्या भावालाही घेऊन जा."

सुई आत गेली. दार लावलं. मामा खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसला. सुई खिडकीशी गेली, पण शेड तिथून दिसत नव्हती. ती कान देऊन ऐकत राहिली. बॉनेटचा आवाज. बादली सरकली. मग बराच वेळ काहीच नाही. आता ओतत असेल. आता नळी बांधत असेल. एका हातानं दोरीची गाठ कशी मारणार? काहीतरी लोखंडी खणकन पडलं, आणि सुई दाराच्या मुठीपर्यंत पोचली.

"बस," मामा वर्तमानपत्रामागून म्हणाला.

"पडलं काहीतरी!"

"काहीतरीच पडलं ना? ताई पडली असती तर शिव्या ऐकू आल्या असत्या."

ती मुठीवर हात ठेवून उभी राहिली. हात काढावा असं तिनं ठरवलं आणि काढला नाही. पलीकडे आई काहीतरी पुटपुटत होती, स्वतःशी, पायऱ्या म्हणत असावी. मग तेही थांबलं. तेल चढत असणार आणि आई स्टुलावर बसून बघत असणार, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. दोन्ही हात तिनं मागे धरले, एक दुसऱ्याला आवरायला.

दार बाहेरून ढकललं गेलं. आई आत आली. डावा हात कोपरापर्यंत तेलानं माखलेला, उजवा कोरडा.

"साबण कुठाय?" तिनं विचारलं. नळ सुईनं उघडून दिला. हात चोळता चोळता आई म्हणाली, "तो कॉक फार लहान आहे. तेलकट बोटांतून निसटतो. पाना पडला तो त्याच्याचमुळे. निघायच्या आधी मोठ्या दांडीचा बसवून दे."

"खुणेवर आलं?"

"आलं. तू बघायला जाऊ नकोस," आई म्हणाली. टॉवेलला हात पुसत ती फोनकडे गेली, दंतवैद्याचा नंबर लावला आणि तिकडून उचलेपर्यंत मामाकडे वळून म्हणाली, "मोठ्या दांडीचा. आहे ना रे दुकानात?"